उपटलेली झाडे आणि पकडलेले बिबटे

श्रीपेरुंबुदूर हे नाव मराठी वाचकास बहुधा २१ मे १९९१ च्या रात्रीमुळे ठाऊक असते. रामानुजाचार्यांचे हे जन्मस्थान आज मात्र चाकणसारखेच मोटारींच्या कारखान्यांचे गाव झाले आहे, आणि चाकणहून बदलून आलेली मराठी मंडळीही येथे भेटतात. कारखान्यांच्या कुंपणापलीकडे जुने तलाव आहेत. तमिळमध्ये त्यांना 'एरी' म्हणतात. या प्रदेशातील अशा अनेक तलावांच्या पोटात एक काटेरी झुडूप माजले आहे. तमिळ माणूस त्याला 'सीमै करुवेलम' म्हणतो, आपण वेडी किंवा विलायती बाभूळ म्हणतो. 'सीमै' म्हणजेही विलायतच! दोन्ही भाषांनी परकेपणाचा शिक्का एकाच जागी मारला आहे.

२०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या आदेशाने ही झाडे राज्यभर उपटण्याची मोहीम निघाली. त्याच वर्षी शास्त्रीय आधाराचा प्रश्न उपस्थित झाल्यावर न्यायालयानेच तिला तात्पुरती स्थगिती दिली. झाड उपद्रवी आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ते वरून तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते, त्याच्या शेंगा गुरे खातात आणि बी दूरवर पसरवतात, आणि काही तलावांत बगळे व करकोचे त्याच्याच फांद्यांवर घरटी बांधतात. मग ते कोठे काढावे, कसे काढावे, काढल्यावर त्या जागी काय लावावे? अशा मोहिमांच्या अहवालांत सहसा किती हेक्टर क्षेत्र साफ झाले, यंत्रे किती तास चालली आणि खर्च किती झाला, एवढेच असते. पुढच्या उन्हाळ्यात तलावात पाणी अधिक दिवस टिकले काय, हा रकाना बहुधा नसतो. आपण काम मोजतो, परिणाम मोजत नाही. प्रशासनाची ही खोड जुनी आहे.

तिची किंमत काय पडते, हे चाकणहून आलेल्यांना दूर जाऊन पाहावयास नको. नाशिक रस्त्याने पुढे गेले की खेड, आंबेगाव, जुन्नर लागतात. धरणांचे पाणी आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या व्यायला लागला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यांत पकडले गेले, आणि त्यांतील अनेक सरासरी चाळीस किलोमीटरवरील जंगलांत सोडण्यात आले. उपाय दयाळू होता आणि दिसायला निर्णायकही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ते सतरा झाले. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट होऊन छत्तीस टक्क्यांवर गेले.

बिबट्याला आपला मुलूख असतो. कोठे कुत्री फिरतात, माणसे कोणत्या वाटेने जातात, हे त्याला ठाऊक असते. अनोळखी जागी सोडलेले जनावर बिथरते आणि परत निघते. त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्याच्यावरचा मराठी चित्रपट परमुलखातल्या वाचकांनीही पाहिला असेल. अकोल्याच्या (विदर्भातील नव्हे, नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या) शेतांत लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले की, जेथे जंगलच नाही तेथेही बिबटे वर्षानुवर्षे नांदतात, आणि त्यांच्या आहारातील मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा असतो. म्हणजे 'जंगलातून भरकटून आलेला' हे आपले गृहीतच चुकीचे होते.

येथे वन अधिकाऱ्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. कार्यालयाबाहेर जमाव उभा असताना आणि घरातले मूल गेलेले असताना शास्त्रीय पुराव्याची वाट पाहा, असे कोण सांगणार? पिंजरा हेच त्या क्षणी दिसणारे उत्तर असते. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे: हल्ला केव्हा झाला, कोठे झाला, बिबट्या कोठे पकडला, या नोंदी वन खात्याने ठेवल्या होत्या, म्हणूनच तो हिशेब मांडता आला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली सरसकट स्थलांतराला परावृत्त करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

ही उणीव आपल्याच देशाची नाही. ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या वटवाघळांसाठी तारांचे पूल उभारले गेले. २०१२ साली संशोधकांनी तपासले, तर बहुतेक वटवाघळे त्यांना न जुमानता जुन्याच वाटेने, वाहनांच्या उंचीवरून उडत होती. केंब्रिजचे विल्यम सदरलँड २००४ पासून सांगत आले आहेत की, वैद्यकात औषध जसे तपासून देतात, तसेच संवर्धनाचे उपायही तपासून निवडावेत.

हा प्रश्न आज पुन्हा दाराशी आला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले होती. लोकांचा संताप रस्त्यावर आला. त्यानंतर जुन्नर भागात प्रायोगिक तत्त्वावर बिबट्यांच्या नसबंदीला केंद्राची मान्यता मिळाली. 'प्रायोगिक' हा शब्द आपल्या कार्यालयांत फार सैलपणे वापरला जातो. नसबंदीने पिल्ले कमी होतील; हल्ले कमी होतील काय, हा निराळा प्रश्न आहे, कारण आजचे बिबटे तर उसातच राहणार. आदेशाचा मसुदा माझ्यापुढे आला असता तर मी त्यात इतकेच घातले असते: आरंभापूर्वी कॅमेऱ्यांनी बिबट्यांची मोजणी, शेजारचा तसाच ऊसपट्टा, जेथे हा उपाय करावयाचा नाही, परंतु नोंदी तितक्याच काटेकोर ठेवावयाच्या, हल्ल्यांची व मारलेल्या गुरांची एकाच नमुन्यातील नोंदवही, आणि उपाय चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ठरविण्याची तारीख. ही तारीख संबंधित अधिकाऱ्याची बदली झाली तरी बदलणार नाही, असेही एक वाक्य.