आमचं, आपलं आणि एविमिझ

लेक-जावई इस्तंबूलला स्थायिक झाले आणि साठीनंतर आम्ही उभयता तुर्की शिकू लागलो. सहा वर्षांची नवासी तिथल्या शाळेत जाते. फोनवर तिच्या तोंडी आधी तुर्कीच येते.

मराठी माणसाला तुर्की नामे फार परकी वाटत नाहीत. आपण घराला 'घरात', 'घरातून' करतो. ते 'एव'ला 'एवदे', 'एवदेन' करतात. वेगळे इतकेच, की 'माझे-तुझे'सुद्धा शब्दाच्या शेपटालाच लागते. एविम म्हणजे माझे घर, एविमिझ म्हणजे आमचे घर, एविमिझदे म्हणजे आमच्या घरात. आधी घर कुणाचे ते सांगायचे, विभक्ती त्यानंतर. शिवाय प्रत्ययातला स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवून घेतो. शाळा म्हणजे ओकुल, म्हणून 'आमच्या शाळेत'चे होते ओकुलुमुझदा. नामांना लिंग नाहीच. नवासी 'माझा नानी' म्हणते ते त्यामुळेच, आणि आम्हाला ते गोडही लागते.

नानीला तुर्कीत 'आन्नेआन्ने', म्हणजे आईची आई. नवासी हाक मारते 'आन्नेआन्नेम'. त्या शेवटच्या 'म'मध्ये 'माझी' आले. आपल्याकडच्या 'बेगम'मधला 'म'ही मुळात हाच, असे मानतात.

पण एका अक्षराने सगळे फिरते. एविमिझ आमचे घर, तर एविनिझ तुमचे घर. गेल्या रमजानमध्ये चिपळूणच्या घराबद्दल बोलताना नवासी म्हणाली, 'एविनिझदे', तुमच्या घरात. व्याकरण बिनचूक होते. नानी मात्र बराच वेळ काही बोलली नाही. याच घराच्या पडवीत ती पोर रांगायला शिकली.

समजा ती 'एविमिझ' म्हणाली असती, तरी पेच उरतोच. मराठीत 'आमचं' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं' म्हटले की तोही आत येतो. तुर्कीत दोन्हींना एकच प्रत्यय. इस्तंबूलच्या घराला ती एविमिझ म्हणते तेव्हा त्यात आम्ही धरलेले असतो की नाही, हे शब्दावरून कळायला मार्ग नाही. लेकीला विचारावे, तर ती हसण्यावारी नेईल.

म्हणून नानीने आता तिला 'आपलं' शिकवायला घेतले आहे. रोज ईशानंतर दहा मिनिटे, फोनवर. पडवीतला झोपाळा दाखवून 'हा कुठे आहे?' असे परवा विचारले, तर पोरीने 'आपलं'लाच तुर्की शेपूट जोडले: 'आपलंदा!' 'दे' नाही, 'दा'. स्वर अगदी नियमाप्रमाणे जुळवलेला.