पंप पाणी धरीत नाही

पाणी उपसणाऱ्या यंत्राला आधी स्वतः पाणी प्यावे लागते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. पाण्यात बुडवून ठेवलेल्या पंपास ही पीडा नसते. परंतु आमचा पंप विहिरीच्या काठावर बसणारा. त्याच्या पोटातील चक्र पाणी जोराने बाहेर फेकते, पण हवेपुढे मात्र त्याचे काही चालत नाही. पोटात हवा राहिली की चक्र नुसते गरगरते, मोटार तापते आणि नळीतून थेंबही पडत नाही. अशा वेळी ‘पंप पाणी धरीत नाही’ असे आमच्याकडे म्हणतात.

२०१९ सालच्या वैशाखात त्याने असाच असहकार पुकारला. वाडीत पोफळीची शंभरेक रोपे होती. कोकणच्या जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही. दोन दिवस शिंपणे चुकले तर कोवळी रोपे माना टाकतात. ती रोपे अप्पांनी आपल्या हातांनी लावलेली. पुढे अर्धांगवायूने त्यांना ओटीवरच्या खाटेला खिळवले. वाडीतले जाणे सुटले. कान मात्र वाडीतच असत.

“आवाज पोकळ येतोय,” ते खाटेवरून म्हणाले, “पाणी भर, आणि ते टिकतं का पाहा.”

मी नरसाळ्याने दोन कळश्या पाणी ओतले. पंप तोंडोतोंड भरला आणि पाहता पाहता रिता झाला. विहिरीत सोडलेल्या नळीच्या तळाशी एक झडप असते. पाणी वर चढताना ती उघडते व परतू लागताच मिटते. तिचे नाव ‘फुटव्हॉल्व’. आमच्या गावाने त्याचा ‘फुटबॉल’ करून टाकला आहे, आणि मला तेच नाव अधिक आवडते. ती झडप मिटत नसावी, हे उघड होते. शेजारच्या काकांनी शेणकाला ओतून फट बुजवण्याचा सल्ला दिला. शेतावरच्या विहिरीला तो ठीक. पण आमच्या पिण्याचे पाणी तेच, म्हणून आईने तो पुरता ऐकूनही घेतला नाही. शेवटी पट्टीचा पोहणारा एक गडी पाण्यात उतरला. झडपेत आंब्याच्या वाळक्या पानाचा देठ अडकला होता!

देठ निघाला, ओतलेले पाणी टिकले. पंप सुरू केला. धार आली, अडखळली, फुसफुसली आणि तुटली. मी पुन्हा ओटीवर गेलो.

“पाणी किती खाली गेलंय?” अप्पांनी विचारले.

दोरीला दगड बांधून मी मोजले. पंपापासून २२ फूट. वस्तुतः पंप पाणी ओढीत नाही. तो नळीतील दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा विहिरीतील पाण्यावर भार घालून ते नळीत वर ढकलते. हा भार समुद्रसपाटीला पाणी फार तर ३४ फूट चढवू शकतो. इटलीतील टॉरिचेली याने १६४४ साली हे कारण लिहून ठेवले. व्यवहारात २५ फुटांच्या आसपासच पंप थकतो.

“म्हणजे आवाक्यात आहे,” अप्पा म्हणाले. “मग वाटेत हवा शिरतेय. सांध्यांना साबणाचा फेस लाव.”

ज्या फटीतून हवा आत जाते, तेथून पंप चालू असता पाणी गळत नाही. त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही. मी एकेका सांध्यावर फेस थापला. नळी जेथे वळते तेथील फेस एकाएकी आत ओढला गेला. सांधा उघडला, तर आतली रबरी चकती जुनी होऊन लाकडासारखी कडक झाली होती.

नवी चकती बसवून, पुन्हा पाणी भरून मी कळ दाबली. क्षणभर तोच पोकळ घरघराट झाला. मग आवाज जड झाला आणि पाटात धार कोसळली. हे सांगायला मी धावत ओटीवर पोहोचण्याआधीच अप्पांची हाक आली, “धरलं! आता वरच्या अंगाची रोपं आधी शिंपा. तिथे ऊन फार लागतं.”