एका बाकावरचे कर्नल आणि हवालदार

संपादक मंडळाने शाळेतल्या मित्रांविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा आम्हांला प्रथम आमचे साताऱ्याचे वर्गबंधू आठवले. ते या शाळेचे विद्यार्थी नव्हेत. तरीही आपल्या वसतिगृहातील मुलांशी त्यांचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

१९८० च्या जूनमध्ये आम्ही जवळा बाजारहून साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये सहावीच्या वर्गात दाखल झालो. हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. आमचा जिल्हा परभणी. परभणीहून मीटरगेजच्या गाडीने मनमाड, तेथे गाडी बदलून पुणे आणि पुढे एस.टी.ने सातारा, असा तो प्रवास. सोबत पत्र्याची पेटी आणि शिदोरीला भाकरी-ठेचा. सातारचे सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सुरू झाले. देशातील या प्रकारची ही पहिली शाळा. राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांमुळे सालगड्याचा मुलगा, तलाठ्याचा मुलगा आणि सुभेदाराचा मुलगा तेथे एका बाकावर बसले. हे घडविण्याची ताकद त्या काळी फार थोड्या शाळांत होती.

त्या गावाचे आम्हांला आणखी एक अप्रूप होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले ती साताऱ्याचीच, आजचे प्रतापसिंह हायस्कूल. माता भीमाबाईंचे निधनही साताऱ्यातच झाले. सुटीच्या दिवशी गावात जाण्याची मुभा मिळे, तेव्हा आम्ही दोघे-तिघे त्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन उभे राहत असू. आत जाण्याचे धैर्य होत नसे आणि परत फिरण्याची इच्छाही होत नसे.

बारावीनंतर आमची वाटणी झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा, मग निवड मंडळापुढील पाच दिवस, मग वैद्यकीय तपासणी; हे सारे पार करणारे खडकवासल्यास गेले आणि उरलेले आपापल्या घरी परतले. आम्ही डोळ्यांच्या तपासणीत अडलो आणि औरंगाबादेस जाऊन इतिहासात एम. ए. झालो. (आमच्या पदवीपत्रावर विद्यापीठाचे जुनेच नाव आहे; नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा.) पुढे याच परिसरात शिक्षक झालो. आमच्या शेजारच्या पलंगावर झोपणारा एकजण सेनाधिकारी झाला. त्याच्या पलीकडचा, नांदेडकडचा मुलगा, घरच्या अडचणीमुळे भरतीच्या रांगेत उभा राहिला आणि पायदळात शिपाई झाला.

रीवा येथील सैनिक स्कूलचे दोन वर्गबंधू २०२४ साली एकाच वेळी सेनादलांच्या शिखरावर पोहोचले. ॲडमिरल दिनेश त्रिपाठी नौदलप्रमुख झाले आणि दोनच महिन्यांनी जनरल उपेंद्र द्विवेदी भूदलप्रमुख. वृत्तपत्रांनी त्यांच्या बालमैत्रीचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु दोन शिखरांमधील मैत्री टिकणे आम्हांला तितकेसे कठीण वाटत नाही. कठीण आहे ती कर्नल आणि हवालदार यांच्यामधली. सेवेत असताना दोघांचे भोजनगृह वेगळे, निवासस्थान वेगळे, रुग्णालयातील कक्षही वेगळा. बडाखान्याच्या दिवशी तेवढे एकत्र जेवायचे. सेनेची शिस्त त्याशिवाय चालत नसावी. आम्ही त्यावर बोलण्यास अधिकारी नाही. पण सहावीत एकाच बादलीतल्या पाण्याने आंघोळ केलेल्या दोन माणसांनी त्या शिस्तीचे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नसते.

२०१२ साली शाळा सोडून पंचवीस वर्षे झाली, म्हणून पुण्यात वर्गाचा स्नेहमेळावा भरला. हवालदार आदल्याच वर्षी निवृत्त होऊन नांदेडला एका बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक झाला होता. त्याला आणण्यासाठी आम्हांला तीन वेळा नांदेडला जावे लागले. आला तो इस्त्रीच्या शर्टात, आरशासारखे बूट करून. आमचा अधिकारी मित्र समोर येताच तो ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "जयहिंद, साहेब!" त्या मित्राने त्याला शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली. कवायतीच्या मैदानावर तो त्याच्यापेक्षा किती सरस होता, याची आठवण दिली, गळ्यात हात टाकला. हवालदार हसला, गप्पा मारल्या, जुनी गाणीही म्हटली. पण रात्री उशिरापर्यंत त्याच्या तोंडी 'आपण'च होते. पुढे दोघे महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर बोलत. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशापासून सोयाबीनच्या भावापर्यंत सारे विषय निघत. 'साहेब' मात्र गेले नाही.

तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने तो गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास कर्नल रात्रभर प्रवास करून आला आणि सतरंजीवर सर्वांच्या मध्ये बसला. वंदना संपल्यावर वहिनींनी एक प्लास्टिकची पिशवी आमच्यापुढे ठेवली. तीत कालकथित मित्राची सारी कागदपत्रे होती. कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी त्यांनी केलेला अर्ज परत आला होता. कारण साधे, आपल्या घराघरांत असणारे: लग्नात त्यांचे नाव बदलले गेले. सेवापुस्तकात माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे. कागदांच्या दृष्टीने हवालदाराची पत्नी ही कोणी दुसरीच बाई होती.

सेनादलात जवानाचे लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' या आदेशाने होते आणि त्या नोंदीवर पुढचे सारे अवलंबून असते. कुठल्या कागदाला कोणता कागद जोडायचा, हे कर्नलला ठाऊक होते. दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असे एकेक जमले. वहिनींचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि वराचे नाव एकत्र असलेला जुना कागद मात्र घरात नव्हता. तो आमच्या पेटीत निघाला. १९९४ सालची लग्नपत्रिका, वर बुद्ध आणि बाबासाहेबांचे चित्र, खाली वधूचे माहेरचे नाव आणि कंसात नवे नाव. पत्रिका जपून ठेवण्याची आमची सवय घरात थट्टेचा विषय आहे. सात महिन्यांनी निवृत्तिवेतनाचा दुरुस्त आदेश आला आणि थकबाकीही जमा झाली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे दापोली आठवते. महार सैनिकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद झाली. तेव्हा कोकणातील या गावी पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. त्यांच्यातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सेवेतून निवृत्त झाले. त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि १८९४ च्या सुमारास भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारला द्यावयाचा अर्ज तयार केला. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीसच राहिले. पलटणीत उमेदीची वर्षे घालविलेली ही माणसे उतारवयात एकमेकांच्या ओसरीवर बसत होती, अर्ज लिहीत होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. आणि त्यांच्याही मागे या पेन्शनरांच्या ओसऱ्या होत्या, असे आमचे मत आहे. ब्लेझर घालून वर्षातून एकदा छायाचित्र काढण्यापुरते भेटणारे मेळावे आम्हांला म्हणूनच अपुरे वाटतात.

आणखी एक गोष्ट पन्नाशीनंतर घडली. शाळेत आम्हांला आडनावाने हाका मारीत. काहींची आडनावे बोलकी होती, काहींची गावावरून पडलेली, मुकी. शाळेने कधी भेद केला नाही; गप्प होतो ते आम्हीच. सात वर्षे ज्याच्याबरोबर जेवलो त्या एका मित्राचे घर कोणत्या वस्तीत आहे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो सेवेतून निवृत्त झाला त्या वर्षीच्या १४ एप्रिलला सकाळी सहा वाजता वर्गाच्या मोबाइल गटावर त्याचा एका शब्दाचा निरोप आला: जयभीम. बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. मग साताऱ्याच्याच एका मराठा वर्गबंधूने उत्तर दिले, "जयभीम. इतकी वर्षे का थांबलास?" त्या प्रश्नाचे उत्तर त्याने अजून दिलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही.

आता आपल्या मुलांविषयी. पहाटे औंढ्याच्या रस्त्यावर हळदीच्या शेतांकडेने जी मुले धावतात, ती भरतीसाठी धावतात. जून २०२२ पासून ती अग्निवीर म्हणून जातात. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होतो, उरलेले सेवानिधी घेऊन पेन्शनविना परततात. ऐन पंचविशीत घरी आलेल्या त्या मुलाला पलटणीतले मित्र कोण आणि कोठे, हे आमच्या हवालदारापेक्षा कितीतरी आधी लागणार आहे. कर्नल चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. आम्हांला अठ्ठावन्नपर्यंत अजून शिकवायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आणि आणखी एक वर्गबंधू आठ दिवस आपल्या वसतिगृहात राहिले. मुलांना निवड मंडळापुढे कसे बोलावे ते शिकविले, गटचर्चा घेतल्या. मुलींनी विचारले, आम्हांला प्रबोधिनीत घेतात का? ३० मे २०२५ रोजी तेथून पहिल्या सतरा मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, हे त्यांना सांगताना कर्नलचा आवाज थोडा चढला होता.

येत्या मे महिन्यात ते पुन्हा येणार आहेत. त्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. आपल्या बॅचमधील जे कोणी सेनादलांत आहेत किंवा होते, त्यांची नावे, सध्याचा पत्ता आणि पत्नीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे शाळेच्या कार्यालयात कळवावीत. जुनी लग्नपत्रिका असल्यास तिची एक प्रतही सोबत द्यावी.