समोरच्याचे पाऊल

पावली शिकवता येते का, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणाच्या मनातही येत नसे. गावात सप्ताह बसला की हरिपाठाला पोरे मागच्या ओळीत उभी राहत, पुढच्याच्या टाचेकडे बघून पाय टाकत, आणि काल्याच्या दिवसापर्यंत त्यांचे पाय बसलेले असत. आता दिवस वेगळे आहेत. शहरात सप्ताह कमी झाले असे मुळीच नाही, उलट वाढले. पण हरिपाठाच्या वेळेला पोर शिकवणीच्या वर्गात असते आणि बाप दुसऱ्या पाळीला गेलेला असतो. म्हणून पावलीची शिबिरे निघाली. आठ दिवसांची, पंधरा दिवसांची, कुठे मुलांची, कुठे महिलांची, तर कुठे पाटीवर 'सर्व वयोगटांसाठी' असे लिहिलेले. आमच्यातली काही जाणती मंडळी यावर नाक मुरडतात. माझे तसे नाही. पावली जरूर शिकवावी. फक्त ती कोणाकडे तोंड करून शिकवतो आहोत, एवढे पाहावे.

सोलापूरला नाचाचे वावडे कधीच नव्हते. गणपती जवळ आले की इथे गल्लोगल्ली रात्री लेझमाचा सराव सुरू होतो. दिवसभर राबून आलेली माणसे घामाने निथळेपर्यंत डाव बसवतात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ती उंच काठी कमरेशी तोलून चालणाऱ्याची चाल ज्याने पाहिली आहे, त्याला शरीराने केलेली सेवा म्हणजे काय हे मी काय सांगावे! आषाढात शेगावहून गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला येते. पांढऱ्या वेषातले टाळकरी एका लयीत पावली टाकत जातात, तेव्हा रस्त्याकडेची पोरे तिथल्या तिथे नक्कल करू लागतात. हे सगळे पाहत वाढलेल्या शहराला नाच शिकवण्याची गरज नाही. नाचताना कोणाकडे बघायचे, एवढेच सांगावे लागते.

लेझीम मी पोरवयात खेळलो आहे आणि मला ते आवडते. पण लेझमाचे तोंड रस्त्याकडे असते. बघणारा हवा, शिट्टी वाजवणारा म्होरक्या हवा. पावलीची मांडणीच वेगळी. दोन ओळी समोरासमोर, मधल्या जागेत मृदंग आणि विणेकरी. तुम्ही पुढे येता तेव्हा समोरचाही पुढे येतो, मागे सरता तेव्हा तोही सरतो. बघणारा बाहेर कुठे नाही, तो समोर आहे आणि तुमच्याइतकाच नाचतो आहे. त्यामुळे इथे चूक झाकता येत नाही आणि झाकावीही लागत नाही. तुमचे पाऊल मागे पडले तर समोरचा आपले पाऊल आखूड करतो, अंतर सांभाळतो. ओळीचा वेग ओळीतल्या सर्वांत थकलेल्या माणसावर ठरतो. चांगला मृदंगी त्याच्याच पायाकडे बघून वाजवतो. लय चढवायची झाली तरी आधी तिकडे एक नजर टाकतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्यामागे अनेक वर्षे उभा राहिलेला मृदंगी गजराच्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे कधी बघत नसे, पायाकडे बघे.

ज्यांना नाच म्हणजे कीर्तनातली हलकी बाजू वाटते, त्यांच्यासाठी थोडे शास्त्राचे बोलतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माउली भक्तांचे वर्णन करतात, त्यात कीर्तनातला नाच येतो, आणि त्या नाचामुळे प्रायश्चित्ताचा धंदाच बुडाला असे ते म्हणतात. केवढी मोठी गोष्ट! प्रायश्चित्ते सांगणारे शास्त्री बसून राहिले, कारण लोक नाचू लागले. नामदेवरायांच्या कीर्तनात खुद्द देव नाचला आणि त्याला पीतांबराचीही शुद्ध राहिली नाही, ही कथा तर आपण सर्वांनीच सांगितली आणि ऐकली आहे. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून ग्रंथाचा अभ्यास शिस्तीने शिकवला जाऊ लागला आणि संप्रदायाचे मोठे हित झाले. मी त्याच परंपरेतल्या गुरूंच्या हाताखाली पाठांतर केले. पण आमचे गुरुजी पाठ घेतल्यावर टाळ घेऊन उभे करीत. ओवी तोंडात बसली की नाही हे बसलेल्या माणसाचे कळते, अंगात मुरली की नाही हे उभ्या माणसाचे, असे ते म्हणत.

आपला जिल्हा म्हणजे तर रिंगणांचा जिल्हा. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि मग पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी, बाजीराव विहीर अशी रिंगणे लागतात. तुकोबारायांच्या सोहळ्याचे गोल रिंगण अकलूजला आणि उभे रिंगण माळीनगरला. लोकांना आठवतो तो अश्व. अश्व धावला, टापांखालची माती कपाळाला लावली, की बाहेरची बघी पांगते. माझे मन गुंतते ते त्यानंतर. रिंगण सुटल्यावर उडीचे खेळ होतात. शेकडो टाळकरी पालखीभोवती बसतात, उठतात, झेपावतात, आणि मृदंगाच्या ओळी त्यांच्यासोबत वाकतात. एकीकडे बायकांच्या फुगड्या, कुठे हमामा, कुठे हुतूतू, कुठे मनोरा. कोण कुठल्या गावचा, कोणत्या दिंडीचा, वय काय, कोणी विचारत नाही. फुगडी तर मला फार मोठी विद्या वाटते. दोघी हात अडकवून मागे रेलतात. एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो आणि दुसरीचा पहिलीच्या. एकीने हात सोडला तर दोघी पडतात, म्हणून कोणी सोडत नाही. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन धावणारी बाई पाहा. हात गुंतलेले, मान स्थिर, आणि पाय मात्र लयीत. असला तोल कोणत्या शाळेत शिकवतात?

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी वारी पायी निघाली नाही. पादुका एसटीच्या गाड्यांनी पंढरपूरला गेल्या. आमच्या घराच्या गच्चीवर शेजारचे चारजण अंतर ठेवून हरिपाठाला उभे राहत. समोर ओळ नसली की पावली कशी पांगळी होते, ते तेव्हा पायांना कळले. २०२२ ला वारी पुन्हा निघाली, तेव्हा माझे गुडघे निघण्याजोगे राहिले नव्हते. त्याआधीच कीर्तन थांबवले होते. कीर्तनकाराचे बोलणे लोक ऐकतात, पण दोन तास त्याला उभे पाय ठेवतात.

या पायांनीच मी दोन वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागात एका शिबिराला गेलो. शाळेचे पटांगण, आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस, संध्याकाळचा दीड तास. मला दिवा लावायला आणि दोन शब्द बोलायला बोलावले होते. मी दुसऱ्या दिवशीही गेलो आणि मग रोजच जात राहिलो. चाळीसएक माणसे जमत. सर्वांत लहान पोरगी दुसरीतली. सर्वांत थोरल्या आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून हजाराचा आकडा गाठेपर्यंत बसायचे, ते कित्येक वर्षे. त्या गुडघ्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "महाराज, बोटं पळत्यात की हो अजून. पाय तेवढं ऐकंनात." मी म्हणालो, "आजी, माझेही ऐकत नाहीत. आपण दोघे मिळून सांगून बघू."

शिकवणारी मुलगी भरतनाट्यम शिकलेली, मोठी मेहनती आणि नम्र. तिने सर्वांना एकाच दिशेला तोंड करून उभे केले, स्वतः पाठमोरी पुढे उभी राहिली आणि 'वन, टू, थ्री, फोर' सुरू केले. तिच्या विद्येत तशीच रीत आहे, त्यात गैर काही नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, आकड्याऐवजी नाम घ्या. आकडा चुकला की माणूस थांबतो, पुन्हा 'वन'ची वाट बघतो. ज्ञानोबा-तुकाराम म्हणताना पाय चुकला तरी तोंड चालू राहते आणि मागाहून पाय त्याला येऊन मिळतो. दुसरी गोष्ट, ओळी समोरासमोर करा. ती म्हणाली, "महाराज, मग मला सगळ्यांचे पाय एकदम दिसणार नाहीत." मी म्हणालो, "तुम्हाला दिसले नाहीत तरी चालतील. त्यांचे त्यांना दिसू द्या."

तिने करून पाहिले. अर्ध्या तासात पटांगणाचा रंग बदलला. दुसरीतली पोरगी आजींच्या समोर आली होती. आजींना बैठी पावली जमेना, तर त्या नुसत्या कमरेतून झुकत आणि टाच उचलत. पोरगीही बसायची सोडून तशीच झुकू लागली. कोणी सांगितले नव्हते. ज्यांना उभेच राहवत नव्हते अशा सहाजणांची मी खुर्च्यांवर एक ओळ केली, टाळ हातात, टाचा खाली-वर. त्या ओळीत सातवा मी. मृदंगाला आमच्याकडचा एक यंत्रमागाचा जॉबर होता. आयुष्यभर मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा तो माणूस, ओळीत कोणाची लय मोडते आहे हे डोळे मिटून सांगे.

पुढचे सांगितले पाहिजे. शिबिर संपता संपता एका स्पर्धेचे निमंत्रण आले. मंच, दिवे, आठ मिनिटे. संयोजकांनी चोवीस जण निवडले, सगळे पंचविशीच्या आतले. ओळ एकसारखी दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आजींना सांगितले, "तुम्ही पुढच्या रांगेत बसा, खुर्च्या राखून ठेवतो." मान राखूनच सांगितले. मी म्हणालो, पावलीत ओळ एकसारखी नसतेच, नसावीच. ओळ एकसारखी दिसायला लागली की समजावे, कोणाला तरी बाहेर ठेवलेले आहे. ते म्हणाले, "महाराज, परीक्षकांना हे कसे सांगणार?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण पावलीला परीक्षक असतो हेच मला ठाऊक नव्हते.

पोरांनी पावली छान केली. मी गेलो होतो, टाळ्याही वाजवल्या. त्यांचा दोष काय! गाणे ध्वनिफितीवर होते, म्हणजे मृदंगी कोणाच्या पायाकडे बघणे शक्यच नव्हते, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम प्रेक्षकांकडे वळून हात जोडले. सप्ताहात पहाऱ्याला वीणा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. नमस्कार समोरच्याला असतो. इथे समोरासमोरच्या दोन ओळींनी एकमेकींकडे पाठ फिरवून तिसऱ्यालाच नमस्कार केला, हे माझ्या डोळ्यांना खुपले ते खुपलेच. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आजी आल्या नाहीत. कोणी कारण विचारले नाही.

त्यानंतरच्या वद्य एकादशीला त्या आमच्या विठ्ठलमंदिरात हरिपाठाला आल्या, सोबत गल्लीतल्या तिघी. त्यांना हरिपाठाचे सगळे शब्द येत नाहीत. नाम येते आणि टाळ येतो. शिकवणारी मुलगीही आली, चपला काढून मागच्या ओळीत उभी राहिली. मी म्हणालो, "बाई, आजींच्या समोर या." तेव्हापासून ती दर एकादशीला तिथेच असते. आता आजींची टाच मृदंगाच्या तिसऱ्या आवर्तनाला सैल होते आणि मग त्या अर्ध्या बैठकीपर्यंत खाली जातात. जॉबरला ते माहीत झाले आहे. तिसरे आवर्तन होईपर्यंत तो लय चढवत नाही. परवा बाहेरगावच्या एका तरुण कीर्तनकाराने त्याला खूण केली, वाढव म्हणून. त्याने मान हलवली आणि ठेका तसाच ठेवला.