ऐंशी मिनिटांचा तास

यंदापासून आमच्या वर्गाला काही विषयांचे दोन तास जोडून मिळतात. 40 मिनिटांचा तास 80 मिनिटांचा झाला. बहुतेकांना ते आवडले, कारण प्रयोग अर्धवट राहत नाही. मला एडीएचडी आहे, म्हणून मला थोडे वेगळे सांगायचे आहे.

एडीएचडी म्हणजे लक्षच नसणे नव्हे. लक्ष हवे तिथे, हवे तेवढा वेळ टिकवता न येणे. शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये ते आढळते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. तरी आजही ‘आळशी’ आणि ‘बेशिस्त’ हेच शब्द आधी येतात. गणवेशातल्या मुलाला त्यातला दुसरा जास्त लागतो. माझ्या सहामाही प्रगतिपुस्तकात चार विषयांपुढे ‘लक्ष देत नाही’ असा शेरा होता. बाबांनी शाळा बदलण्याचा विषय काढला. मला ही शाळा सोडायची नाही.

जोडतासाचा मला फायदाही होतो. दर 40 मिनिटांनी एक वही मिटून दुसऱ्या विषयात मन बसवण्यात माझी बरीच शक्ती जायची, ते फेरे निम्मे झाले. प्रयोगशाळेत 80 मिनिटे कशी जातात कळत नाही. पण नुसते ऐकून लिहायचे असेल, तर अर्ध्या तासानंतर सरांचा आवाज येतो, अर्थ पोहोचत नाही. पाय हलू लागतो. पुढचा सगळा वेळ धडा समजण्यात नाही, स्थिर बसण्यात खर्च होतो. ड्रिलला असे होत नाही. तिथे क्षणाक्षणाला नवा हुकूम असतो आणि हुकुमासरशी अंग हलते.

आमचे घर वाराणसीत, ब्रह्माघाटाजवळ. तिथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. माझे आजोबा तिथल्याच एका पाठशाळेत वेद शिकले. सुट्टीत त्यांना विचारले, “तासन्‌तास बसायचात कसे?” ते म्हणाले, “नुसते बसत नव्हतो रे, म्हणत होतो.” संथा म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. बैठक लांब, पण घास लहान. कान, आवाज आणि हात तिन्ही कामाला.

म्हणून माझे मागणे तास लहान करा असे नाही. त्याचे तुकडे करा. 20 मिनिटे शिकवणे, मग 10 मिनिटे स्वतः सोडवणे. मध्यावर दोन मिनिटे सर्वांनी उभे राहणे. सूचना तोंडी देताना फळ्यावरही लिहिणे. वह्या वाटायच्या असतील तर ते काम खुशाल मला द्यावे.

गणिताच्या सरांनी गेल्या महिन्यापासून असेच सुरू केले आहे. आता तासाच्या शेवटची उदाहरणेही माझ्या वहीत सुटलेली असतात. मागच्या बाकावरचे, एडीएचडी नसलेले मित्रही म्हणतात, “हे बरे झाले.”