गुडघा की क्लचप्लेट?

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरचे लोक आपल्याला मिस्त्रीच समजायला लागतात. मिक्सर बिघडला, विचारा इंजिनिअरला! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी विचारलं ते गमतीचं नव्हतं. "अरे, ऑम्नी ठेवू, की विकून बिनक्लचची गाडी घेऊ?"

आमची छोटी बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट घेऊन बाबा रोज पहाटे चाळीस दुकानं फिरतात. व्हॅन जुनी, ७९६ सीसीची, चार गिअरची. ऑम्नीचं उत्पादन २०१९ साली बंद झालं आणि तिच्यात ऑटोमॅटिक कधी आलीच नाही. इकडे डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याची झीज सांगितलेली. मी हिशेब मांडला. एका दुकानामागे सहा वेळा क्लच दाबला तरी दिवसाला २४० वेळा. सिग्नल वेगळेच!

पुस्तकी उत्तर सोपं होतं : जुन्या गाडीत मॅन्युअलच बरी. क्लचप्लेट झिजली की गाडी आधी सांगते. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. नाक्यावरचा मिस्त्रीही प्लेट बदलून देतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये ताकद तेलातून जाते. आधीच्या मालकानं ते तेल कधी बदललं, आपल्याला काय माहीत? आणि २०१४ साली सेलेरिओतून आलेली एएमटी तर आतून मॅन्युअलच. तोच क्लच, तसेच गिअर. फक्त पायाचं आणि हाताचं काम ॲक्चुएटर करतो. तो बिघडला की नाक्यावरचा मिस्त्री हात वर करतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे काहीतरी झिजणारच ना? मग माझ्या पायाऐवजी ते झिजू दे की."

असा प्रश्न कुठल्या व्हायव्हात येत नाही!

आधी आम्ही क्लचची केबल बदलून पाहिली. पेडल हलकं झालं, पण २४० चे २४० च राहिले. शेवटी व्हॅन विकून जुनी एएमटी गाडी घेतली. मागची सीट पाडली तरी व्हॅनइतके ट्रे मावत नाहीत, त्यामुळे दोन फेऱ्या होतात. पेट्रोलही जास्त जातं. ॲक्चुएटरच्या नावानं आई दर महिन्याला थोडे पैसे डब्यात टाकते. पण गुडघा शेकायची पिशवी आता रोज संध्याकाळी काढावी लागत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरी कुणी विचारलं, ऑटोमॅटिक की मॅन्युअल, तर ॲव्हरेज आणि किंमत सांगण्याआधी एवढं विचारा : गाडी चालवणार कोण, आणि दिवसातून किती वेळा थांबवणार?