पाचशे एकमधून वजा

1970च्या आसपास ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पोरांना वजाबाकी शिकवली ती निम्मी शाळेने आणि निम्मी डार्ट्सने. 14 वर्षांखालच्यांना पबच्या बारमध्ये मज्जाव होता, पण फळा घरीही टांगता येई. खेळ 501वर सुरू होतो. दर पाळीला तीन बाण, पडलेले गुण वजा करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण ‘डबल’च्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, अरुंद पट्टीतच लागला पाहिजे. मुरलेल्या खेळाडूला 141 उरले की विचार करावा लागत नाही: ट्रिपल वीस, ट्रिपल एकोणीस, डबल बारा.

1981 साली झेडएक्स 81 हा घरगुती संगणक आला. तयार घेतला तर 69.95 पौंड, सुटे भाग आणून स्वतः जोडला तर 49.95. मेमरी एक किलोबाइट. हा लेखही तीत मावला नसता. मागे खोचायचा 16केचा जोड मिळे, पण तो जरा हलला की तासाभराचं टायपिंग गेलंच! डार्ट्सचा हिशोब मात्र मूळ यंत्रातही आरामात बसे. गुण विचार, वजा कर, बाकी दाखव, पुन्हा वर जा. शेवटचा बाण डबलला लागला की नाही, हे त्याला कुणीतरी सांगावंच लागे.

मग 1984. ऑक्टोबरात डार्ट्सपटू जॉन लोने टीव्हीवर पहिल्यांदाच अवघ्या नऊ बाणांत 501 संपवले आणि 1,02,000 पौंड खिशात घातले. डिसेंबरात केंब्रिजच्या ‘बॅरन ऑफ बीफ’ पबमध्ये झेडएक्स 81चे जनक सर क्लाइव्ह सिंक्लेअर आपले जुने सहकारी, प्रतिस्पर्धी संगणक-कंपनी एकॉर्नचे ख्रिस करी यांच्यावर धावून गेले. कारण होतं एकॉर्नची एक जाहिरात. हत्यार गुंडाळलेलं वर्तमानपत्र होतं, असं म्हणतात. देशाच्या संगणक-उद्योगातलं सगळ्यात गाजलेलं भांडण पबमध्ये व्हावं, हे अगदी रीतीला धरून झालं.

तसं यंत्र पबात आधीच शिरलं होतं. 1972 साली कॅलिफोर्नियातल्या ‘अँडी कॅप्स’ या दारूच्या गुत्त्यात अटारीचा ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम ठेवला. तो बंद पडला, कारण नाण्यांचा डबा ओसंडून गेला होता. अँडी कॅप म्हणजे ब्रिटिश चित्रपट्टीतला पबवेडा नवरा.

ही पोरं अठराची होऊन उजळ माथ्याने पबात गेली, तेव्हा कोपऱ्यात प्रश्नमंजूषेची यंत्रं लुकलुकत होती. नाणी सरकवायच्या ‘शव्ह हेपनी’ या जुन्या खेळाचा पाट क्वचितच दिसे. त्या खेळाची जुनी अर्धी पेनी 1969 सालीच चलनातून गेली होती. 1989 साली जगज्जेत्या जॉकी विल्सनच्या नावाचा डार्ट्सचा गेम निघाला. त्यात वजाबाकी यंत्रच करी.

व्यावसायिक सामन्यांत आज गुणलेखकांपुढे संगणक असतो. तरी तीन बाण बसल्याबरोबर मनात बेरीज करून आकडा मोठ्याने पुकारतो तो फळ्याशेजारी उभा असलेला माणूसच.